तीन मात्रा कुठे गेल्या?

३ मार्च

चि. छोटीस,

अ. उ. आ. दोन महिन्यांत तुझं पत्र नाही. प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या बघता बघता सख्खा भाऊ दिसेनासा झाला असेल, तर एकदा मलाही भिंगाखाली धरून बघ. मी ठीक आहे. दुरुस्तीला आलेले तीन अँप्लिफायर पडून आहेत आणि मी पत्र लिहीत बसलोय, यावरून काय ते समज.

आपल्या फंकवाल्या लंबूची, नाचऱ्या ठेक्याच्या त्या बादशहाची, नवी रेकॉर्ड आली, नऊ वर्षांनी. आपल्या श्रोता मंडळाची बैठक नेहमीप्रमाणे माझ्याच दुकानात झाली, काउंटर भिंतीला सरकवून. अकरा माणसं, आठ खुर्च्या. पहिलं गाणं संपायच्या आत दोन तट पडले. दातांचे डॉक्टर म्हणाले, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने असंच गावं, सावकाश, गुडघे सांभाळून. बेकरीवाला म्हणाला, फंक ऐकताना माणसाला बसवत नाही तेव्हा ते फंक, आणि हे ऐकताना आपल्याला जांभई आली. पोस्टमास्तरांनी ट्रम्पेट कुठे गेले ते विचारलं, आणि मग दर गाण्याला तेच विचारत राहिले.

मी पडलो सेक्रेटरी, म्हणून गप्प बसलो. पण तुला सांगतो, मला ट्रम्पेटचं काही वाटत नाही. मला संशय आहे तो बेस गिटारचा. लंबू वाजवतो तेव्हा पहिल्या मात्रेवर कुणीतरी दार लावल्यासारखा दणका बसतो. इथेही बसतो, पण दार लावणारा हात वेगळा वाटतो. कव्हरवर मात्र बेस म्हणून त्याचंच नाव छापलंय. कुठेतरी पाणी मुरतंय, छोटे. तू नीट ऐक आणि कळव. मागच्या रेकॉर्डला ‘निवलेला चहा’ तूच म्हणाली होतीस, त्यामुळे तुझ्या कानांवर माझा भरवसा आहे.

मेहुण्यांना नमस्कार सांग. उत्तराला उशीर केलास तर तोही परत घेईन.

तुझा,
दादा


११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार पोचवला. परत घेऊ नकोस, त्यांनी तो जपून ठेवलाय.

रेकॉर्ड चार वेळा ऐकली. तुला आवडणार नाही तरी लिहिते, मला ती फार आवडली. पूर्वी लंबू सगळ्या खोलीला नाचवायचा. आता तो एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतो. गुडघेदुखीवरच्या गाण्यात आधी हसले आणि मग हसू आलं नाही. चौथं गाणं तर पुन्हा पुन्हा लावलं. बुटक्या स्टुलावर बसून, खोलीतला पंखासुद्धा बंद करून वाजवलंय ते, म्हणून त्याचा श्वास असा जवळ ऐकू येतो. बेकरीवाल्यांना म्हणावं, तुमची भट्टी पहाटेची, तुम्हाला जांभई कशानेही येईल.

तू संशय सोड बरं. दूधवाला पाणी घालतो, पोस्टमन पत्र उघडतो, शेजारीण तुझ्या दुकानाच्या पाटीवर मुद्दाम कपडे वाळत घालते. आता त्यांत बिचाऱ्या लंबूची भर नको. म्हाताऱ्या माणसाचा हात थोडा बदलणारच. आवडलं तर टाळी दे, नाही तर जुनं लाव.

जेवण वेळेवर घेत जा. लोभ करतोसच, तपासणी थोडी कमी कर.

तुझी,
छोटी


१६ मार्च

चि. छोटीस,

अ. उ. आ. तपासणी कमी कर म्हणतेस, म्हणून ती वाढवली.

बुटकं स्टूल तुला कुणी दाखवलं? पंखा बंद केल्याचं कोण म्हणालं? कव्हर मी डोळ्यांत तेल घालून वाचलंय, आतला कागदही वाचलाय. कुठेही स्टूल नाही, पंखा नाही. संगीताच्या साप्ताहिकातही नाही. शिवाय नावडत्या माणसाला चार वेळा ऐकणारी तू नव्हेस. तुझ्या कानाशी कुणीतरी लागलंय. कोण, ते सांगत नाहीस, म्हणजे मला सांगण्यासारखं ते माणूस नाही.

असो. माझ्याकडे आता पुरावा आहे. त्याच चौथ्या गाण्यात दुसरं कडवं संपताना मोजून बघ. चार मात्रांतली एक वाजते, पुढच्या तीन गायब, आणि बेस थेट पुढच्या ‘एक’वर जाऊन पडतो. मी घड्याळ लावून सहा वेळा मोजलं. सगळा बँड त्याच्यामागे उडी मारतो, म्हणून ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. पण लंबूने पन्नास वर्षांत कधी मात्रा खाल्ली नाही. ही मोजता न येणाऱ्या माणसाची खोड आहे, आणि तसला माणूस लंबूच्या नावावर वाजवतोय.

हे सगळं मी मंडळाच्या पत्रकासाठी लिहून काढलंय. सत्तावीस तारखेच्या बैठकीत वाचून दाखवणार आणि मत घेऊन छापणार. पत्रक बाहेरगावच्या सहा मंडळांना जातं, साप्ताहिकाच्या समीक्षकालाही जातं. होऊ दे एकदा दूध का दूध. तुला काही लपवायचं असेल तर त्याआधी लिही.

काळजी घे. राग आला असेल तर तोही पाकिटात घालून पाठव, मला चालतो.

तुझा,
दादा


२० मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. राग आलाय, पण आधी हे वाच.

बारक्या तिथे आहे. आपला बारक्या, लंबूच्या घरी, गेलं दीड वर्ष. तो काय काम करतो ते बाहेर सांगायचं नाही असं त्याने लिहून दिलंय, म्हणून मलाही पुरतं सांगत नाही. एवढंच कळलंय की लंबूच्या डाव्या हाताला अर्धांगाचा झटका आला होता, आणि तेव्हापासून हा रोज सकाळी बेस घेऊन त्याच्या शेजारी बसतो. स्टूल आणि पंखा त्याच्याच पत्रातले. तुझं पत्रक निघालं तर पहिला प्रश्न येईल, आतली गोष्ट फोडली कुणी, आणि पहिला जाईल तो बारक्या. अकरा वर्षं त्याने हॉटेलांत, लग्नांत, जहाजावर वाजवून काढलीत, दादा. पोटभर असं काम त्याला पहिल्यांदा मिळालंय.

आणि ती खोड तुला ओळखू आली नाही, याचं मला नवल वाटतं. अकरा वर्षांपूर्वी बारक्या स्पर्धेत बेस वाजवायला उभा राहिला, तेव्हा परीक्षक म्हणून तूच बसला होतास. तू सगळ्यांसमोर माईकवर म्हणालास की या स्पर्धकाला चारपर्यंत मोजता येत नाही, आणि हा माझा भाऊ आहे म्हणून मी जास्त स्पष्ट सांगतो. तो त्या रात्रीच गेला. तेव्हा लंबूचं गाणं वाजवताना त्याने कुठल्या जागी तीन मात्रा खाल्ल्या होत्या, ते तुला आठवत नसेल तर लंबूची आपल्या घरातली जुनी रेकॉर्ड काढ. तू त्याला दिली होतीस ती. दुसरी बाजू, पहिलं गाणं. पूर्ण ऐक आणि मग पत्रक छापायचं की नाही ते ठरव.

मी पुढे काही लिहीत नाही. माया आहे, म्हणून एवढं लिहिलं.

छोटी


२८ मार्च

चि. छोटीस,

अ. उ. आ. रेकॉर्ड माळ्यावर होती. ऐकली.

दुसरं कडवं संपताना सुई उडते. तीन मात्रा जातात आणि गाणं थेट ‘एक’वर येतं. तिथे चरा आहे. तो माझा आहे. दुकान नवीन असताना दुरुस्तीच्या टेबलावर ती रेकॉर्ड ठेवली आणि हातातून स्क्रू-ड्रायव्हर सुटला. मी स्वतःला दुसरी घेतली आणि ही बारक्याला दिली, अगदी चांगली आहे म्हणून सांगून. तो दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तेवढी एकच होती. त्याने जे ऐकलं ते जसंच्या तसं उचललं, चऱ्यासकट. आणि ते चुकतंय म्हणून मी त्याला भर सभेत नापास केलं. मला फार लाज वाटते, छोटे. दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. लोकांना सर्दी झाल्याचं सांगितलं.

काल बैठक झाली. मी माझं टिपण खिशातच ठेवलं आणि उभं राहून सांगितलं की बेसबद्दल मला काही म्हणायचं नाही, उलट चौथ्या गाण्यातली ती उडी ही या रेकॉर्डमधली सगळ्यांत चांगली जागा आहे. त्यांनी मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पंधरा दिवस मी प्रत्येकाचा कान धरून उलटं सांगत होतो ना! बेकरीवाल्याने विचारलं, रेकॉर्ड कंपनीने घरी काय पाठवलं. पोस्टमास्तर म्हणाले, मला पत्रं कुठून येतात त्यावर लक्ष ठेवायला हवं. डॉक्टरांनी तेवढी माझी बाजू घेतली, पण दात दाखवायला गेल्यावर तेही विचारतीलच. कारण सांगता येईना. शेवटी मत घेतलं ते माझ्यावर, आणि सेक्रेटरीपद गेलं. आता खुर्च्या माझ्या, दुकान माझं, आणि मी नुसता सभासद.

त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की बारक्या इतकं सुंदर वाजवतो आणि कव्हरवर नाव दुसऱ्याचं. सोबत त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली आहे. त्यात चऱ्याचं सगळं लिहिलंय आणि क्षमा मागितली आहे. मोठ्या भावाने धाकट्याची क्षमा कशी मागायची त्याचा मायना मला माहीत नव्हता, म्हणून मायना लिहिलाच नाही. त्याला पोचव. उत्तराची सक्ती करू नकोस.

तुझ्या रागाचा आभारी,
दादा


९ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. एवढी चार अक्षरं लिहायला अकरा वर्षं आणि वर आठ दिवस लागले. चिठ्ठी पोचली. तीन वेळा वाचली, आणि चऱ्याच्या जागेपाशी तिन्ही वेळा छोटीताईला शिव्या दिल्या, की हे हिने आधी का सांगितलं नाही. ती म्हणाली, तू दादाचं नाव काढू देत होतास का?

आता तुझी एक चूक दुरुस्त करतो. या रेकॉर्डवर माझा एकही स्वर नाही. सगळा बेस म्हाताऱ्याचाच आहे. झटक्यानंतर त्याच्या डाव्या हाताला त्याचीच गाणी आठवेनात. मी शेजारी बसून त्याला ती पुन्हा शिकवतो, एवढीच माझी नोकरी. लिहून दिलेलं मोडून मी हे सांगत नाही. तुझी बैठक कशी झाली ते त्याला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की खोकला लागला, आणि म्हणाला, भावाला सगळं कळव.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला ते जुनं गाणं वाजवून दाखवलं आणि सवयीने तीन मात्रा खाल्ल्या. मला वाटलं, गेली नोकरी. त्याने हात वर करून थांबवलं आणि ती जागा पुन्हा वाजवायला सांगितली. मग पुन्हा. ती उडी त्याला इतकी आवडली की तिच्यासाठी त्याने ते चौथं गाणं बांधलं. त्याच्या बोटांत ती बसायला तीन आठवडे गेले. बँडला आणखी एक.

त्याने मला विचारलं होतं, हे असं वाजवायला तुला कुणी शिकवलं. मी तुझ्यावर अजून रागावलेलोच होतो, दादा. तरी म्हणालो, माझ्या मोठ्या भावाने.

तुझा,
बारक्या