मल्लव्वाची मोटार चालू आहे

१ जानेवारी, सकाळ
नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन विजयेंद्र. विजेचं बोर्ड मोडून कंपनी झाली त्याला जमाना झाला, पण गावात आम्ही अजून 'बोर्डवाले'च. ही मेंटॅलिटी बदलायची. मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, आलेली वीज आणि बिल झालेली वीज यातला फरक म्हणजे लॉस. मार्चअखेर ज्याच्या सेक्शनचा लॉस सगळ्यात कमी, त्याला मागेल तिथं बदली. मी गुलबर्गा मागणार. जयंती आणि मुलगी तिथं भाड्याच्या घरात, मी इथं निंबर्ग्यापलीकडच्या क्वार्टरमध्ये स्वतःच्या हातचं पिठलं खातोय. बास झालं. संकल्प: तारेवरचा प्रत्येक आकडा उपटायचा. चोरी बंद, लॉस बंद.

४ जानेवारी
आकडे-मोहीम. सोबत लाइनमन महादेवप्पा. पहिल्या गल्लीत चहा झाला. दुसरीत धपाटे आणि दही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, म्हणून पुढं गेलो. पुढचा आकडा देवळाचा निघाला. देवाला वीजचोर कोण म्हणणार? शेवटी एक बेवारशी आकडा दिसला, तो तिरीमिरीत ओढून काढला. क्वार्टरवर येऊन बघतो तर पंखा फिरेना. आकडा आमचाच! मीटर कधीचाच जळालाय म्हणे. मला कोण सांगतंय? महादेवप्पाकडून तात्पुरता परत टाकून घेतला. मोहीम तत्त्वतः यशस्वी.

१९ जानेवारी
आयडिया! शेतीच्या पंपांना मीटरच नाही, बिल सरकार भरतं. पंपांनी वीज किती प्याली, ते आम्हीच अंदाजानं लिहायचं. मग गळालेली, चोरलेली सगळी पंपांनी प्याली असं का लिहू नये? फक्त पंप थोडे वाढवायचे. जिथून कुणी कनेक्शन मागायला येणार नाही अशीच रानं निवडली. उदाहरणार्थ मल्लव्वाचा माळ. एकटी बाई, रानात कुसळं. कंप्युटरात तिची मोटार चालू केली. कुणाच्या बापाचं काय गेलं?

८ फेब्रुवारी
लॉस धाडकन खाली. साहेबांचा फोन: जादू केली काय हो? मी म्हणालो, मेहनत, सर. जयंतीला सांगितलं, लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेव. तिनं 'बाजारात तुरी' ऐकवलं. तुरीच्या जिल्ह्यात राहून हिला दुसरी म्हण सापडत नाही.

२१ फेब्रुवारी
मल्लव्वा आली. बोअरला पाणी लागलं! त्या माळावर! निसर्गाचा काही भरवसा नाही. वांग्याची रोपं लावून बसलीय, लांबून घागरीनं पाणी आणून घालतेय. कनेक्शन पाहिजे. कंप्युटर म्हणाला, या रानात मोटार आहे, चालू आहे. मी म्हणालो, टेक्निकल अडचण. ती म्हणाली, अण्णा, रानात मोटार न्हाई, मग ह्येच्यात कशी चालायलीय?
कंप्युटरातली मोटार काढून टाकता येते, पण कारण लिहून साहेबांची परवानगी लागते. एक काढली की साहेब म्हणणार, बाकीच्या दाखवा. मार्चनंतर बघू. माझ्या जागी येणारा बघेल.

३ मार्च
रोज येते. बाकावर बसते. बोलत नाही, ते जास्त वाईट. आज बोलली. रोपं माना टाकायलीत, त्या कंप्युटरातल्या मोटारीचं घागरभर पाणी तरी द्या की अण्णा, म्हणाली. दुपारी घास गेला नाही. ॲसिडिटी असावी.

४ मार्च
तोडगा निघाला. मल्लव्वानं उधारीची मोटार आणून बसवलीय, फक्त वीज पाहिजे. महादेवप्पाला ऑफिसर म्हणून नव्हे, माणूस म्हणून सांगितलं: थोडे दिवस मल्लव्वाच्या माळाकडं बघू नकोस. तो म्हणाला, बघतो कसा न्हाई? मीच टाकून येतो, न्हाईतर बाईला शॉक बसंल. वर साळसूदपणे विचारतो, साहेब, ह्येला कंपनीत आकडाच म्हणायचं न्हवं? मी म्हणालो, तात्पुरती व्यवस्था. पिठलं छान झालं होतं.

३१ मार्च
पहिला नंबर!! शाल, नारळ, टाळ्या. आता फक्त बेंगळुरूची टीम एक पंप बघून जाणार, मग ऑर्डर. कुठला पंप, ते कंप्युटरनं ठरवलं: मल्लव्वाचा. नशीब म्हणतात ते हेच. मी वाढवलेल्यांपैकी खराखुरा तेवढा एकच आहे. जयंतीला सांगितलं, फ्लॅट पक्का कर.

७ एप्रिल
टीम आली. मोटार धो धो चालू, वांग्याला फूल. फोटो झाले. वर तारेकडं कुणी पाहिलं नाही, ऊन फार होतं. चला म्हणेपर्यंत मल्लव्वा हात जोडून रडायलाच लागली. वाटलं, आता सगळं सांगते. पण छे, स्तुती! म्हणे, असला साहेब जल्मात बघितला न्हाई, सगळी वाळाय लागलेली रोपं ह्यांनी जगवली. म्याडमबाई, ह्यास्नी हितून हलवू नका, न्हाईतर माझी मोटार बंद पडंल. टीमच्या मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच लिहून घेतलं.

२२ एप्रिल
ऑर्डर आली. लोकाग्रहास्तव आणखी तीन वर्षं इथंच.
जयंतीला फोन केला. ती म्हणाली, वांगी तरी पाठवून द्या. मला रडू आलं.
असो. राहायचंच आहे तर कायदेशीर राहू. दुपारी क्वार्टरसाठी नवीन मीटर मागितला. कंप्युटर म्हणाला, या क्वार्टरला मीटर आहे, चालू आहे.
महादेवप्पाला विचारलं, हे कुणी केलं? तो म्हणाला, तुमच्या आधीचे साहेब. त्यांचाबी पहिला नंबर आल्ता. ते गुलबर्ग्याला गेले.