पाळणाघर चालू आहे

सांगली, ११ फेब्रुवारी १९९७

प्रिय महेंद्र,

सप्रेम जयभीम. गेल्या आठवड्यात पेपरात तुझा फोटो आला, तेव्हापासून चाळीत जो भेटेल तो माझंच अभिनंदन करतोय. मागे पाळणाघराची नवी पाटी, कडेवर गुबगुबीत पोरगी, आणि तू तिच्याकडे बघून हसतोयस. वडूजला आईने तो कापून फडताळाच्या दारावर डकवलाय म्हणे. तिचा गुडघा अजून दुखतोच, पण लेकाची गोष्ट निघाली की दुखणं विसरते. फोटोखालची बातमी मीही वाचली. गिरणीचा समेट घडवून तू भांडवल आणि कामगार यांच्यात समतोल साधलास, असं छापलंय. रागातच लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल, तेवढं चालवून घे.

बहात्तरच्या दुष्काळात गावात टँकर यायचा, आठवतं? वरच्या आळीत पाच घरं, आपल्या आळीत चाळीस. रोज भांडाभांडी. तू अकरा वर्षांचा. कुणी न सांगता मध्ये घुसलास आणि म्हणालास, अर्धं पाणी वर, अर्धं खाली. भांडण मिटलं, दादांनी बापाच्या अभिमानाने तुझी पाठ थोपटली. त्यानंतर वरच्या आळीत म्हशी धुतल्या जायच्या आणि आपली आई दोन हंड्यांत आठ माणसांचं भागवायची. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, नुसती चरफडायचे. तुला मात्र त्या शाबासकीची गोडी लागली ती लागलीच.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. गिरणी आठ महिने बंद होती. तू मला समजावलंस, "ताई, सहकारी सोसायटीच्या हातून आता गिरणी चालत नाही आणि नव्या मालकाला मोकळं सोडलं तर तो सगळं कापेल. म्हणून गिरणी त्याने चालवायची, पण पाळणाघर आणि कँटीन बंद करायचं नाही." बाजारही हवा, लोकांचं कल्याणही हवं, आणि तुमचा पक्ष दोघांच्या मधोमध. ऐकायला बरं वाटलं. भोंगा पुन्हा वाजला तेव्हा मी रडले. शंभर घरांत पगार यायला लागला, हेही मी नाकारत नाही. पण पुढे काय झालं, ते साताऱ्याच्या पक्षकचेरीतून एकदा तरी विचारलंस का रे? नवा सुपरवायझर गेटवर प्रत्येक बाईला एकच विचारतो, लहान मूल आहे का? आहे म्हटलं की, पुढच्या महिन्यात या. तो पुढचा महिना काही उजाडत नाही. असा नियम कागदावर कुठेच नाही. पाळणाघर मात्र करारात लिहिल्याप्रमाणे चालू आहे. बारा पाळणे, धुतलेली दुपटी, दुधाचं पातेलं आणि मी. मूल एकही नाही. दिवसभर माश्या मारत बसायचं आणि पगार घ्यायचा.

मग त्या फोटोच्या दिवशी पोरं कुठून आली, असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. नव्या पाटीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गिरणीच्या ऑफिसातून निरोप आला, पाळणाघर भरलेलं दिसलं पाहिजे. मी दारोदार फिरून बारा पोरं गोळा केली. ज्या बायांना पोरांपायी घरी बसवलं, त्यांचीच. माझ्या भावाच्या कार्यक्रमाला कमीपणा नको म्हणून केलं. तुला बोलतेय खरी, पण मी तरी काय वेगळं केलं? मोर्च्यात घोषणा द्यायच्या आणि इथला पगार सोडायचा नाही. तुझ्या त्या समतोलात मीही आरामात बसले होते. याची मला लाज वाटते, महेंद्र. दादा असते तर त्यांना तोंड दाखवलं नसतं.

तुझ्या कडेवर होती ती मनुबाईची प्रज्ञा. मनुबाईने त्या गिरणीत नऊ वर्षं सूत कातलं. त्या दिवशी ती गेटबाहेर उभी होती, तुझं सगळं भाषण तिने कर्ण्यावर ऐकलं. पोरगी परत द्यायला गेले तर म्हणाली, "आवं ताई, माजी पोरगी आत चालती, मग म्याच का न्हाई वं चालत?" काल मी राजीनामा दिला. बारा जुनी लुगडी जमवलीत. सोमवारी गेटसमोरच्या लिंबांना झोळ्या बांधून मी पोरं तिथेच सांभाळणार, आणि त्यांच्या आया गेट अडवून बसणार, कामावर घेईपर्यंत. मग समेट करायला पक्ष तुलाच पाठवेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. आलास तर आमच्याबरोबर सतरंजीवर बस, नाहीतर सरळ मालकाच्या केबिनमध्ये जाऊन बस. दुखेल मला, पण कळेल तरी. मध्ये मात्र उभा राहू नकोस. तिथे झोळ्या असतील, पोरं झोपलेली असतील.

तुझीच ताई,
प्रियदर्शनी