उभ्या गाडीचा विमा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

"साहेब आहेत का?" — फोनवर. नाहीत, म्हटलं. "कधी येतील?" आता काय सांगायचं! मार्चपासून हा प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकतेय, आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी गडबडते. शेवटी सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, "गाडीचा विमा महिनाअखेर संपतोय. फोनवर नको. मीच येते."

संध्याकाळी आल्या. विम्याचं माणूस म्हणजे गुळगुळीत दाढीचं आणि तितकंच गुळगुळीत बोलणारं, अशी माझी समजूत. या पन्नाशी उलटलेल्या, काखेत हेल्मेट, केस डोक्याला चिकटलेले. "मी कुठल्या एका कंपनीची नाही हो. सगळ्यांकडे हिंडून तुमच्या मापाचं काय ते शोधते. धंद्यात याला ब्रोकर म्हणतात, घरी भोचक."

खूप दिवसांनी हसले.

मग त्यांचे प्रश्न. गाडी कोण चालवतं? कोणी नाही. बरोबर कोण बसतं? कोणी नाही. असते कुठे? गॅरेजमध्ये, झाकून. म्हणाल्या, मग दोन रस्ते. एक, उभ्या गाडीचा विमा — आग, चोरी, एवढंच. स्वस्तात सुटाल. दुसरा, चालत्या गाडीचा पूर्ण विमा — तुमचं नुकसान, समोरच्याचं नुकसान, चालवणाऱ्याला इजा, आणि हवं असेल तर आत बसणाऱ्यांनाही. "एक लक्षात ठेवा. साहेबांनी इतक्या वर्षांत एकदाही भरपाई मागितलेली नाही. त्याची सूट साठत गेलीय. ती तुमच्या नावावर येते. पण विमा मध्येच तुटला तर गेली."

म्हणजे त्याचं जपून चालवणं मला वारशात मिळणार! वळणावर हॉर्न, पावसात दिवे, माझं "अरे, जा ना पुढे", आणि त्याचं न जाणं.

"पण मनापासून सांगू? पूर्ण घ्या आणि गाडी फिरवा. गाडी म्हणजे काही नवरा नव्हे, नुसती घरात उभी राहून —" आणि जीभ चावली. मीच म्हटलं, असू दे. चहा घ्या.

त्या गेल्यावर आई आतून म्हणाल्या, "कोण होत्या?"

"माझ्या क्लिनिकमधल्या."

सासूबाईंशी मी सहसा खोटं बोलत नाही. पण या घरात 'गाडी' हा शब्द कोणी काढत नाही. मुलगा गेलेल्या बाईसमोर कसा काढायचा!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घरी आले तर आई डोकं धरून पडलेल्या. "ठणकतंय नुसतं. तू जेवून घे." गेल्या आठवड्यातही असंच. बाम चोळला.

नंतर बल्ब आणायला गॅरेजमध्ये गेले. (बल्ब हे निमित्त. इथे तरी खरं लिहावं.) स्वयंपाकघरामागच्या बोळातून दार आहे, तिथून. गाडीच्या कव्हरला पुढे दोरी आहे. ती तो अशी बांधायचा — दोन फास, एक दुसऱ्यातून उलटा घेऊन आत खोचलेला. मला कधी जमलं नाही. माझी गाठ सकाळपर्यंत सुटायची. "तुझी गाठ म्हणजे नुसती इच्छा," म्हणायचा. मार्चमध्ये त्या संध्याकाळी कामावरून आला, कव्हर घातलं, गाठ मारली, आत आला आणि म्हणाला, छातीत भरून आल्यासारखं होतंय.

त्याच्या हातांनी या घरात केलेलं ते शेवटचं काम. मी ती गाठ सोडलेली नाही. गाडी उघडलेली नाही. कधीमधी जाते, गाठीवर हात ठेवते, येते.

आज दोरीचं टोक उजवीकडे होतं. डावीकडे असतं. डावीकडेच असतं!

शनिवार, ८ नोव्हेंबर

पुन्हा पाहिलं. गाठ त्याचीच. बाजू वेगळी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

क्लिनिकमध्ये एक आजोबा ऐकण्याच्या चाचणीला. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काहीच वाजवलं नाही, आणि त्यांनी दाबलं. असं होतं. माणूस इतका कान देऊन बसतो की शांतताही वाजायला लागते. अशी चुकीची दाबणी आम्ही वेगळी नोंदवतो.

"नव्हतं वाजलं, आजोबा."

"वाजलं की! मी काय वेडा आहे?"

एरवी पुढे गेले असते. आज विचारलं, कसं होतं?

"बारीक. लांबून कोणी हाक मारावी तसं."

त्यांची ती दाबणी मी नोंदवली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

यंत्र बिघडलं म्हणून लवकर सुटले. घरात शिरल्याबरोबर थेट गॅरेज. पर्स खांद्यावर, चपला पायात.

बॉनेट कोमट.

कव्हरवरून कळलं. आधी एक तळवा, मग दोन्ही. इस्त्री केलेल्या कपड्यासारखं — नुकतंच कोणी ठेवून गेल्यासारखं. धुरकट वास. मी मोठ्यांदा म्हणाले, "आलास?" माझाच आवाज ऐकून अंगावर काटा. पण घाबरले नाही. घाबरायचं कोणाला? तो पाली मारायला घाबरायचा!

आत आई पडलेल्या. उलटी झाली म्हणाल्या, चेहरा लालबुंद. "पित्त उसळलंय." पाणी दिलं, पाय चेपले. आणि त्यांचे पाय चेपता चेपता मी आनंदात होते. लपवावा लागेल इतक्या आनंदात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आईंना डॉक्टरांकडे नेलं. बीपी उत्तम. "वय झालं आता, आजी."

"वय रोजच असतं हो," आई म्हणाल्या, "मग डोकं शुक्रवारीच कसं दुखतं?"

डॉक्टर हसले. मीही हसले.

रविवार, १६ नोव्हेंबर

लेकीचा हॉस्टेलवरून फोन. "ममा, विकून टाक ना ती. तू चालवत नाहीस, मी इथे. आजीला तर बघवत नसेल." लायसन्स आहे गं माझ्याकडे, म्हटलं. "लग्नाच्या अल्बमसारखं! कधी उघडलंयस?"

शहाणी आहे. बापासारखी जिभेने तिखट.

विकणं, उभी ठेवणं, चालवणं. ब्रोकरबाईंना काहीतरी एक सांगायला हवं. पण गाडी उभी आहे, असं लिहून द्यायलाच आता माझं मन धजत नाही. ती उभी कुठे आहे!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नाव बदलायचं तर गाडीचे फोटो लागतात. ब्रोकरबाई दुपारी आल्या. आई शेजारी गेलेल्या तेवढ्यात.

गाठ सोडायला मला बराच वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. शटरकडे तोंड करून फोन बघत राहिल्या. फोन बंद होता, ते मला दिसलं.

मग गाडीचं दार उघडलं. आणि तो बाहेर आला! दाढीचा साबण, खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या, उन्हात तापलेली जुनी सीट. इतका सगळा. मी घाईघाईने दार लावून घेतलं, जणू मांजर पळून जाईल.

"किल्ली फिरवावी लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "किती चाललीय त्याचा आकडा हवा."

त्यांनीच फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू. दोघीही दचकलो.

"मार्चपासून उभी म्हणता ना?"

"हो."

"मग बॅटरी कोण जिवंत ठेवतंय हिची?"

फोटो झाले, त्या गेल्या. कव्हर घातलं. त्याची गाठ प्रयत्न करकरून जमली नाही. माझीच बांधली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी पाहिलं. माझी गाठ नाही. त्याची आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आई रद्दी बांधत होत्या. मी समोर भाजी निवडत. सुतळीचे दोन फास, एक दुसऱ्यातून उलटा, आत खोचला. बोटं बघायचीही गरज नाही.

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"ही गाठ —"

"काय झालं?"

"त्याची आहे."

"त्याची कुठली! मी शिकवलेली. शाळेत बुटाची नाडी सुटायची सारखी, रडत यायचा." गठ्ठा भिंतीशी सरकवला. "त्याचं म्हणून जे जे सांगतेस ना, त्यातलं निम्मं माझं आहे."

म्हणजे टोक उजवीकडे करणाऱ्या आई. बॉनेट कोमट करणाऱ्या आई. बॅटरी जिवंत ठेवणाऱ्याही.

मोरीत जाऊन रडले. मार्चमध्ये एकदा गेला, आज रद्दीच्या गठ्ठ्यावर पुन्हा गेला. आईंना काही विचारलं नाही. राग आला होता, खरं सांगायचं तर. मग वाटलं, त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. मी तरी कुठे सांगितलं?

उद्या दुपारी ब्रोकरबाईंकडे जायचं. उभ्या गाडीचाच घ्यावा. संपवावं.

शनिवार, २२ नोव्हेंबर, हॉस्पिटल

काल लिहिणं शक्य नव्हतं.

ब्रोकरबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर. मी म्हटलं, उभ्या गाडीचाच करा. त्या म्हणाल्या, "बघा हं. कोणी चालू करत असेल तर ती उभी नव्हे. उद्या काही झालं तर कंपनी हात वर करेल."

"सासूबाई करतात. बॅटरीसाठी. चालवत नाहीत, येतच नाही त्यांना."

"मग ठीक. शटर उघडं ठेवून करतात ना?"

मी आठवायला लागले. आमचं शटर उघडलं की अख्ख्या गल्लीला कळतं. आई ते कोणाला कळू देतील? मला कळू दिलं नाही!

"बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नसतं हो. धुरात एक वायू असतो, नाकाला कळतही नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप —"

"आज शुक्रवार," मी म्हणाले.

बाईंनी एवढंच ऐकलं आणि हेल्मेट उचललं. आईंना फोन लावत मी त्यांच्या स्कूटरवर मागे. वाजत राहिला. रस्त्यात त्या एकदाच बोलल्या, "घट्ट धरा."

शटर दोघींनी मिळून वर ओढलं. आत इंजिन चालू. पुढे कोणी नाही. क्षणभर — इतकं झालं तरी क्षणभर — वाटलं, तोच. मग मागच्या सीटवर आई दिसल्या. त्याच्या सीटच्या बरोबर मागे, त्यांच्या नेहमीच्या जागी. मान खिडकीला टेकलेली. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. कुठेतरी निघाल्यासारख्या.

ब्रोकरबाईंनी किल्ली फिरवली, मी आईंना ओढलं. इतक्या हलक्या! उन्हात आणून ठेवलं. "आई, आई" — माझ्या तोंडून दुसरा शब्दच निघेना. कधी नव्हे ते एकेरीवर आले. "ऊठ ना गं!"

रविवार, २३ नोव्हेंबर

शुद्धीवर आहेत. ऑक्सिजन लावलाय. नर्सला म्हणाल्या, "हे नाकातलं काढा, बोलता येत नाही." नर्स म्हणाली, म्हणूनच लावलंय आजी. जीव भांड्यात पडला.

लेक आली. कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेतलं. "ममा... आजीने मुद्दाम तर नाही ना?"

डॉक्टरांनीही तेच विचारलं, जरा फिरवून. मी नाही म्हटलं. पण मला ठाऊक नाही. तो दौऱ्यावर जायचा तेव्हा आईंना सांगायचा, आठवड्यातून एकदा चालू करत जा, बॅटरी उतरते. ते तेवढं समजलं. पण तेव्हा शटर उघडं असायचं. तोच बजावून जायचा. आईंना माहीत होतं.

त्यांना माहीत होतं!

सोमवार, २४ नोव्हेंबर

विचारायला तोंड उघडलं. "पाणी हवं का?" विचारलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आईंना घरी आणलं. लेक परत गेली.

ब्रोकरबाई बघायला आल्या, आईंना म्हणाल्या, "काय आजी, विमा उतरवायच्या आधीच?" आई म्हणाल्या, "तुम्ही क्लिनिकमधल्या ना?" मी मान खाली घातली. आईंनी मिश्किल डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पूर्ण विमा घेतला. चालवणारी म्हणून माझं नाव. सोमवारपासून पुन्हा शिकायला जाणार. शिकवणारा म्हणे फार ओरडतो. नवऱ्याची साठलेली सूट माझ्या नावावर झाली.

"आत बसणाऱ्यांचं घ्यायचं का?" बाईंनी विचारलं. "मागच्या वेळी कोणी नाही म्हणाला होतात."

"घ्या," म्हटलं. "एक जण आहे. मागे बसतात."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दुपारी आईंना घेऊन गाडीत बसले. त्या मागे, मी पहिल्यांदाच त्याच्या जागी. इंजिन बंद, शटर पूर्ण वर. मागे न बघता विचारलं — शटर का लावून घेत होतात?

"उघडं असलं की त्याचा वास जातो ना बाहेर," आई म्हणाल्या.

मी चारही काचा वर करून घेतल्या.