तबेल्यातला सोरा

६ मार्च २०२१
आलो एकदाचे! ॲडम्सटाउनचा फ्लॅट सोडून किलकेनीबाहेरच्या दगडी घरात. माझी औषधांची फॅक्टरी इथून पंधरा मिनिटांवर, हरीशचं सॉफ्टवेअर कुठूनही चालतं, आणि सहा वर्षांच्या रेवाला धावायला अंगण. पलीकडे रिकामा तबेला आहे. त्याच्या भिंतींवर कापसासारखं पांढरं काहीतरी फुललंय. घरमालक म्हणाले, हा सोरा. पूर्वी लोक बंदुकीच्या दारूसाठी खरवडून न्यायचे. पुसून टाका, इट्स ग्रँड.

२८ मार्च
पुसायचं सोडून हरीश तो डब्यात भरून ठेवतोय! जेवताना सांगत होता, जुने चिनी किमयागार अमर होण्याचं औषध शोधत होते. सोरा, गंधक, मध एकत्र तापवले, तर भडका उडाला. हात भाजले, घरं जळाली. अशी सापडली म्हणे दारू. आम्ही खूप हसलो.

२१ एप्रिल
हरीशच्या आई कोविडने गेल्या. नागपुरात कुठेच बेड मिळाला नाही. हरीशने शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. रडला नाही. उठला आणि तबेल्यात गेला, तो संध्याकाळीच परतला.

२ मे
रेवाला खोकला. टेस्ट निगेटिव्ह, डॉक्टर म्हणतात साधी सर्दी. हरीश तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसतो. स्वयंपाकघराच्या कपाटातली मधाची बाटली रिकामी. त्याच्या बोटांना गंधकाचा वास येतो. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "त्या किमयागारांचं औषध बरोबर होतं, वैदेही. आच चुकली."

५ मे
त्याच्या भुवया जळाल्यात. भाजलेला हात दाखवत नाही. फॅमिली डॉक्टरांशी बोल म्हटलं. म्हणाला, आईच्या वेळी उशीर झाला. आता होऊ देणार नाही.

६ मे
उद्या सकाळी रेवाला घेऊन मैत्रिणीकडे, तन्वीकडे ॲडम्सटाउनला जायचं. हरीशला सांगितलेलं नाही. झोपवताना रेवा म्हणाली, "इट'ल टेस्ट लाइक हनी. डॅडी सेड." काय ते विचारलं तर पांघरुणात शिरली.

७ मे, सकाळी ८.१०
वर झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी. शेजारचं रेवाचं अंथरूण रिकामं. गार्डांना, इथल्या पोलिसांना, फोन केला — वीस मिनिटं लागतील म्हणाले —

८.१६
वरच्या खिडकीतून तबेला दिसतो. दार उघडं आहे. शेगडी पेटलेली, वर झाकलेलं भांडं. रेवा स्टुलावर, हातात चमचा —

८.१९
खुर्चीने काच फोडली. ओरडले. दोघांनी वर पाहिलं. रेवाने हात हलवला. हरीशनेही. किती दिवसांनी असा हसला — मग वाकला, आणि झाकण —