वास कधीच आला नाही

४ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, रोज लिहायचं. चक्कर कधी आली, किती वेळ टिकली, आधी काय खाल्लं होतं, झोप किती झाली. वहीत चार रकाने आखून दिलेत. रकान्यात मावणारी बाई मी नव्हे. म्हणून वहीची पुढची बाजू त्यांची, मागची माझी.

आजाराचं नाव परदेशी आणि लांबलचक. मामला साधा — डाव्या कानाच्या आत पाणी साठतं. जास्त झालं की आधी कानाला दडा बसतो, मग शिट्टी वाजते, मग सगळं जग गरागरा फिरतं. जिवाला धोका नाही, पण मुळातून बरंही होत नाही. वीस-तीस वर्षांनी बऱ्याच जणांची चक्कर आपोआप थांबते म्हणे. तोवर तो कान मात्र गेलेला असतो.

"म्हणजे संसारासारखंच," नवरा म्हणाला. डॉक्टर खो खो हसले. नवरा माझ्या डाव्या बाजूला बसला होता, त्यामुळे तो विनोद मला घरी आल्यावर पुन्हा सांगायला लावावा लागला. दुसऱ्यांदा तेवढी मजा आली नाही.

५ मार्च

चक्कर नाही. मीठ जवळजवळ बंद. सूप म्हणजे गरम पाण्यात पोहणारं गाजर. असो, खाल्ल्या मिठाला जागायची कटकट तरी संपली.

८ मार्च, शनिवार

सलूनमध्ये मरणाची गर्दी. खुर्च्या दोनच, कापणारी मी एकटी. नियम करून टाकलाय — शिट्टीचा सूर चढायला लागला की आधी कात्री खाली ठेवायची, मग आपण खाली बसायचं. आज दोनदा ठेवली. दोन्ही वेळा नुसतीच हूल.

बँकेतली बाई आली होती. ती गेली दोन वर्षं ड्रायर चालू असताना नेमकी माझ्या डाव्या कानाकडे तोंड करून आपल्या सासूचं काय काय सांगते. आज म्हणाली, "तुझ्याइतकी विश्वासू बाई नाही बघ. तुला सांगितलेलं कधी बाहेर जात नाही." अगं, आत गेलं तर बाहेर जाईल ना! पण मी मान डोलावली. चालू धंद्यात खरं बोलून काय मिळवायचं?

११ मार्च, मंगळवार

आज नको ते झालं.

दुपारी भाजी घेऊन निघाले. चौकात शिट्टी सुरू झाली, आणि दहा पावलांत रस्ता उभाच राहिला. विजेचा खांब धरला तर खांबही फिरायला लागला. फूटपाथवर बसले. उलटी झाली. टोमॅटो गेले रस्ताभर.

लोक जमले. डोळे मिटले होते, पण उजवा कान शाबूत आहे. एक जण म्हणाला, "दिवसाढवळ्या? आणि बाईमाणूस?" दुसरा म्हणाला, "बापाच्या वळणावर गेलीय. तो रंगारी नव्हता का, शिडीवरून पडायचा तो?"

हेच. जन्मभर याच वाक्याला घाबरले मी. बाबांची दारू अख्ख्या वस्तीला माहीत होती. त्यामुळे त्यांची कामं गेली, आईचं हसणं गेलं. मी आजवर थेंबाला शिवलेले नाही. आतमध्ये वाइन असलेलं चॉकलेटसुद्धा परत दिलंय. आणि तरीही ते वाक्य शेवटी माझ्यापर्यंत चालत आलंच.

तेवढ्यात लेक आली. कॉलेज सुटलं होतं, बरोबर तीन मैत्रिणी. माझ्या बाजूला फतकल मारून बसली, त्या घाणीशेजारी. माझं डोकं मांडीवर घेतलं. "माझी आई आहे. कानाचा आजार आहे. बघताय काय, टोमॅटो गोळा करा." तिघींनी टोमॅटो गोळा केले. त्या माणसांनीही केले.

आता लिहूनच टाकते. मी चौदा वर्षांची होते. शाळेच्या कोपऱ्यावर बाबा कुंपणाच्या गजाला धरून बसले होते, सदऱ्यावर रंगाचे डाग, समोर ओकलेलं. मैत्रिणीने विचारलं, "ते तुझे बाबा ना?" मी म्हणाले, "नाही." आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. बाबा बघत होते की नाही, माहीत नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

१२ मार्च

पडून. भिंत अजून थोडी सरकतेय. वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलं: कालची चक्कर, साडेतीन तास.

१४ मार्च, शुक्रवार

चौकातली बातमी माझ्या आधी सलूनमध्ये पोचली होती. सकाळच्या तिघी आल्याच नाहीत. चौथी आली, पण केस विंचरायला वाकले की नाक हळूच माझ्याकडे वळवायची. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा तिच्यासमोर गेले आणि तोंड उघडून मोठ्ठा "हाऽ" केला.

"अगं, मी तसं काही —"

"तसंच होतं. बघ, येतोय का वास?"

"नाही. कॉफीचा येतोय." मग दोघी इतक्या हसलो की तिचा भांग वाकडा निघाला.

दुपारी काचेवर पाटी लावली: "कात्री सरळ चालते. मालकीण कधीकधी नाही. कारण कान आहे, बाटली नव्हे." लेकीने अक्षर काढलं. संध्याकाळी सकाळच्या तिघींपैकी दोघी आल्या. तिसरी लाजेल आणखी चार दिवस.

१६ मार्च, रविवार

आई-बाबांकडे जेवायला. तीन बिल्डिंगी सोडून तर घर. आईने पाटीबद्दल ऐकलं होतंच. "सगळं चव्हाट्यावर मांडायची काय गरज?" हे जेवायला बसण्याआधीच.

गंमत झाली ती खुर्चीवरून. त्या टेबलाशी एक खुर्ची भिंतीला लागून आहे. तिथे बसलं की डावा कान भिंतीकडे आणि सगळी माणसं उजवीकडे. मी आपली सरळ तिकडे गेले. बाबाही तिकडेच निघाले होते. दोघांचे हात एकदमच खुर्चीच्या पाठीवर.

"ती ह्यांची आहे," आई म्हणाली. "तिच्यापायी मी तीस वर्षं भांडलेय. दुसरीकडे बसतील तर शपथ."

मी दुसरीकडे बसले. 

लेकीने विचारलं, "आजी, आजोबा नेमकं काय प्यायचे?" तिला कुठे काय विचारू नये ते कळत नाही, देवाची कृपा. बाबा ताटात बघून जेवत होते. त्यांना आता मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं.

"कोणास ठाऊक! बाटली कधी सापडली नाही. माळा उपसला, रंगाचे डबे हुंगले. रोज संध्याकाळी तोंड हुंगायचे मी त्यांचं. वास कधीच आला नाही. इतका पक्का माणूस!"

"मग ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, डोकं फिरतं. कानात शिट्टी वाजते. रोज नवा बहाणा. पुढे पुढे म्हणायचेही बंद झाले."

"डॉक्टरकडे नाही नेलं?"

"दारुड्याला कसला डॉक्टर! पण साठीला सोडली हो. एकदम. माझ्या धाकाने."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. नवऱ्याला वाटलं, चक्कर. त्याने पटकन पाठीला हात लावला. चक्कर नव्हती. अजिबात नव्हती.

१७ मार्च

डॉक्टरांना फोन. हा आजार घरात चालतो का? "कधीकधी," म्हणाले. "का? तुमच्याकडे कोणाला होता?"

मी म्हटलं, विचारून सांगते. इतक्या वर्षांत कोणी विचारलेलंच नाही.

दिवसभर सात जणींचे केस कापले. काय कापलं ते त्यांनाच माहीत.

१८ मार्च, मंगळवार

आई दुकानात गेलेली बघून गेले. बाबा भिंतीकडच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, कोणता कान होता?" त्यांनी पेपर खाली ठेवला. मग डाव्या कानावर हात ठेवला.

मी म्हणाले, "बाबा, शाळेच्या कोपऱ्यावर, त्या दिवशी मी —"

"माहीत आहे," ते म्हणाले. उठले, आपली खुर्ची माझ्याकडे ओढली. "तू बस इथे. उभ्याने जास्त फिरतं."