वांग्याच्या कडेची चवळी

मंगळवार, १२ ऑगस्ट

वन्सं,

नाही हो, औषध मारू नका! चवळी माव्यानं काळी झालीय, बघून किळस येते, म्हणता. होऊ दे. वांग्याच्या कडेनं चवळी लावायची ती त्यासाठीच. हा मावा वांग्यावर जात नाही. पण तो खायला ढालकिडे येतात, लाल पाठीवर काळे ठिपकेवाले. तिथं खाऊनपिऊन, पोरंबाळं वाढवून मग वांग्यावरच्या माव्याचा फडशा पाडतात. त्यांची पिल्लं मात्र दिसायला भयंकर, काटेरी, सुसरीसारखी. चिरडू नका. रूपावर जायचं तर तुम्हाला तरी कोणी घरात घेतलं असतं का?

रागावलात? बरं झालं. हे गेल्यापासून माझ्यावर रागवायला कुणी नाही. शेजारच्या बागवानाशी भांडून बघितलं, पण त्याला उलट बोलताच येत नाही. काय मजा!

गुडघा कसा आहे? तेल लावताय की नुसत्या कण्हताय?

तुम्ही विचारलंत, "माझ्या भावाची ही रीत एवढी चांगली, तर शेवटच्या वर्षी मळा का बसला?" उत्तर मिळालं नाही तर रविवारी चवळी उपटणार म्हणता.

त्या वर्षी वांग्याची पानं चिकट होऊन आकसली. हे हातात भिंग घेऊन पान न् पान उलटायचे. ढालकिडा एक दिसेना. "माझंच काहीतरी चुकलं गं," म्हणायचे. मी म्हटलं, "चुकणारच, माझं कधी ऐकलंय?" हसले नाहीत. एका सकाळी स्वतःच्या हातानं सगळी चवळी उपटली. पोस्टमनला, शिंप्याला, दिसेल त्याला सांगत सुटले, "वीस वर्षं मी लोकांना वेड्यासारखं खोटं शिकवलं." दोन महिन्यांत गेले.

वन्सं, चवळी उपटू नका. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पानं आकसायच्या आधी हे डोळे दाखवायला शहरात गेले होते. बायका बांधावर उभ्या राहून आमच्या काळ्या चवळीला हसल्या. मला लाज वाटली. बागवानाचा औषधाचा पंप मागून आणला आणि सगळी चवळी फवारली. सकाळी ढालकिडे खाली पडलेले. ते झाडून मातीत पुरले, पंप धुऊन परत दिला.

हे हातात भिंग घेऊन फिरायचे तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मरेपर्यंत त्यांना सांगितलं नाही.

तुमची वहिनी