कमान आता वाजत नाही

अप्पा, आपला नवघरचा गाळा दादाने सोडला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, म्हणून लिहायला बसले. त्याच्यावर रागावू नका. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा, मला तुमच्या ओरडण्याची सवय आहे.

तुम्ही आयुष्यभर टेम्पोच्या चाकांवरच्या, रस्त्याचे धक्के सोसणाऱ्या लोखंडी कमानी दुरुस्त केल्यात. भट्टीत पाटा लाल करायचा, ठोकून त्याला पुन्हा बाक द्यायचा, तेलात बुडवायचा. गार झाला की दोरीला टांगून हातोडीने हलकेच मारायचं आणि डोळे मिटायचे. टण्ण असा लांब आवाज आला की पाटा शाबूत, बद्द वाजला की आत तडा. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन दारात उभी आहे आणि तुम्ही म्हणताय, "बोलू नको गं, ऐकतोय ना मी!" आईचं बोलणं एवढं कान देऊन ऐकलं असतंत तर घरातली निम्मी भांडणं टळली असती. दादाला तुम्ही तेच शिकवलंत, आणि त्याचा कान तुमच्यासारखाच तयार झाला.

मी आता फायबरच्या कमानी बनवणाऱ्या कंपनीत आहे. काचेचे बारीक धागे राळेत बसवून, साच्यात दाबून त्या करतात. वजनाला हलक्या, गंज नाही. त्या किती दाब सोसतात हे तपासणं माझं काम. पण या कमानीला भट्टीत घालता येत नाही, ठोकून बाक देता येत नाही. खराब झाली की काढायची आणि नवी बसवायची. तुमचं सगळं कामच त्यात संपतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

काही महिन्यांपूर्वी आमच्या कमानीची एक गाडी नेमकी दादाकडे आली. खालून खडखड येत होती. दादाने कमान उतरवली, टांगली, हातोडीने मारली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाई, ये तो अंदर से फटा है." ड्रायव्हरने कंपनीला फोन लावला आणि कंपनीने बघायला पाठवलं मला. कमान ठणठणीत होती, फक्त तिच्या टोकांना बसवलेले रबराचे बुश झिजून गेले होते. ड्रायव्हरसमोर मला सांगावं लागलं, "दादा, ही चांगलीच आहे रे. हिचा आवाजच असा."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "मग मी ऐकू काय आता?"

महिना सरायच्या आत त्याने गाळा सोडला. आता एका सोसायटीत पार्किंग बघतो. मी घरी गेले की मला आग्रहाने वाढतो, ऑफिसचं विचारतो. त्याचं हे चांगलं वागणंच मला सहन होत नाही, अप्पा.

हे पत्र त्याच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकणार आहे. एक गोष्ट त्याला कधीच सांगता येणार नाही. आमची पहिली कमान परीक्षेत टिकली तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले होते. मला फार आनंद झाला होता, आणि तुम्ही नाही आहात हे विसरून तुम्हाला सांगायला मी फोन हातात घेतला होता.